पतीने पाहिलेली खूण

रतनबाई गेल्याचं लोणावळ्याच्या एका दवाखान्यात केरबाला सकाळी दहाला कळलं, आणि सव्वादहाला हेही कळलं, की एकेचाळीस वर्षांच्या संसारात आपल्याकडून एक रकाना भरायचा राहिला आहे. देह ताब्यात घेण्याच्या अर्जावर छापलं होतं : ‘शरीरावरील खूण, पतीने स्वतः पाहिलेली.’

“त्वांड बघितलं की मी,” केरबा म्हणाला. “तीच हाय.”

“चेहऱ्याला रकाना नाही, आबा,” खिडकीतल्या अनघाबाई म्हणाल्या. “तीळ, डाग, काहीही चालेल.”

रतनबाई दाराआड लुगडं नेसायची आणि दिवा मालवल्याशिवाय अंथरुणाला पाठ टेकायची नाही. केरबाच्या बापाने तर बायकोला उजेडात कधी हाकसुद्धा मारली नव्हती. त्या मानाने केरबा सुधारलेला होता.

“मुलं किती?”

“तीन.”

“आणि खूण माहीत नाही?”

“बाई, त्याला उजेड लागत न्हाई.”

मागे रांगेत कुणीतरी खोकलं. केरबाची थोरली भावजय येसूबाई पुढे झाली. “डाव्या खांद्याखाली तीळ हाय, चिंचोक्याएवढा. दर दिवाळीला पाठ चोळलीया मी तिची.”

केरबाला ही बातमी नवीन होती.

“जावेची साक्ष चालत नाही. पतीने पाहिलेली हवी.”

“मग बघू द्या.”

“ताबा मिळाल्याशिवाय बघता येत नाही.”

“अन् ताबा?”

“खूण लिहिल्यावर.”

हे सगळं अनघाबाईंनी अगदी मायेने सांगितलं. केरबाने तितक्याच मायेने विचारलं, “बाई, तुमच्या मालकांच्या अंगावर काय खूण हाय?”

अनघाबाईंनी पेन उचललं, परत ठेवलं. शेजारचे साहेब फायलीत शिरले. रांगेतल्या नवरेमंडळींनी मोबाइल काढले. वाचकहो, तुम्हीही आठवायला लागला असाल. आता एकदम उठून आत जाऊ नका. काय झालं म्हणून विचारतील.

शेवटी अनघाबाईंनीच रकान्यात तीळ लिहिला. ‘स्वतः पाहिलेली’ याखाली केरबाने सही केली.

दुपारी अंगणात चादरी धरून बायका रतनबाईला अंघोळ घालत होत्या. येसूबाईने आतून हाक मारली, “भावजी, या. कागदावर ल्हिवलंय ते खरं तरी करा.”

केरबा चादरीपर्यंत गेला. तिथेच थांबला.

“नगं, वयनी. तिला इचारलं न्हाई.”

संध्याकाळपर्यंत सगळं उरकलं. तीळ बघायचा राहिला.