शुक्रवारची सुरमई

"पुन्हा कोंबडी?" शरीफने पेला सतरंजीवर आदळला. "मत्राच्या बंदरावर मासळीचे ढीग पडलेत, आणि रत्नागिरीच्या माणसानं दर शुक्रवारी कोंबडी चिवडायची?"

आखातातल्या हमरिया वस्तीत, दोन खोल्यांत, नोकरीसाठी आलेले सात कोकणी गडी राहत. स्वयंपाक पाळीपाळीने. आठवडाभर डाळ-भात आणि सुट्टीच्या शुक्रवारी काय ते एकच चमचमीत जेवण. ते कोणतं, हे गुरुवारी हात वर करून ठरायचं. कोंबडीला तीन मतं. सुरमईला दोन, शरीफचं आणि त्याचा चुलतभाऊ यासिरचं. मटणाला एकटा जहूर. उरलेल्या मुनीरला पित्ताचा त्रास, त्याचं मत शुक्रवारीही डाळीलाच. गावची रजा संपवून आल्यापासून शरीफच्या जिभेला सुरमईचं सालन, घरचं ते तिखट कालवण, लागलं नव्हतं, आणि त्याच्या डोक्यात आता तेवढंच होतं.

"चौघांना कोंबडी नकोय, तरी राज्य कोंबडीचंच! ही कसली लोकशाही?"

"ज्याला जास्त मतं तो आला, शरीफभाय," कोंबडीवाल्यांचा पुढारी रशीद म्हणाला. "आपल्या इंडियात असंच हाय."

"चुलीत घाला ती पद्धत! फ्रान्समध्ये दोन फेऱ्या घेतात. पहिले दोघं पुन्हा लढतात."

दुसरी फेरी झाली. जहूर सुरमईकडे आला. मुनीर मात्र नाक मुरडून म्हणाला, "मला माशाचा वास सोसत नाय," आणि त्याचा हात कोंबडीसाठी वर गेला. सुरमई एका मताने पडली.

"एका मतानं यंदा दिल्लीचं सरकार पडलं, तुमची सुरमई काय घेऊन बसलात?" रशीद हसला.

शरीफच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग पसंतीनं मतं द्या! पहिल्या पसंतीला तीन गुण, दुसरीला दोन, तिसरीला एक, शेवटचीला भोपळा. बघू कोण जिंकतंय!"

कोंबडीवाल्यांनी रागाने सुरमईला शेवटी टाकलं, सुरमईवाल्यांनी कोंबडीला. दुसरी पसंती म्हणून मात्र मुनीर सोडून सगळ्यांनी निरुपद्रवी डाळच लिहिली. डाळ पंधरा गुण मिळवून निवडून आली. मुनीरने अल्लाचे आभार मानले आणि बाकीचे सगळे शरीफवर तुटून पडले.

"खलास!" शरीफ गरजला. "खड्ड्यात जाऊ दे मतदान!"

शुक्रवारी सकाळी तो तणतणत बंदरावर गेला, हातभर सुरमई घेऊन आला आणि कुणाला चुलीजवळ फिरकू न देता सालन रांधलं. मासा कापताना शिव्या, मसाला वाटताना शिव्या. दुपारी सगळे बोटं चाटत जेवले. वास न सोसणाऱ्या मुनीरने तुकडा दोनदा मागून घेतला.

"माझा ठराव हाय," ढेकर देत रशीद म्हणाला. "आजपासून शुक्रवारचं रांधप कायमचं शरीफभायकडं."

सहा हात वर गेले. यासिरचाही.

"माझा विरोध आहे!" शरीफ ओरडला. "फेरमतदान घ्या!"

"कुठल्या पद्धतीनं घेऊ, शरीफभाय? कशीबी मोजा, सहा ते सहाच. आता फुडल्या शुक्रवारचं बोला. कोंबडी?"

तीन हात वर गेले. मटणाला जहूरचा.

"सुरमई?"

यासिरचा एकट्याचाच हात वर गेला. सगळ्यांनी शरीफकडे पाहिलं. तो मोरीतल्या खरकट्या पातेल्यांकडे बघत होता. कोपरापर्यंत हळद, सदऱ्यावर मसाल्याचे डाग, बोटात रुतलेला काटा.

"डाळ?"

मुनीरचा हात वर गेला. त्याच्या शेजारी, शिव्या पुटपुटत, शरीफचाही गेला.