तारांवर तीन हात

गिटारला कोटेड तारा लावाव्यात की साध्या, या प्रश्नावर अनय टिपणीसने दोन महिने विचार केला. उर्वीला होकार देताना मात्र त्याला समोरची पोह्यांची बशी संपवण्याइतकाही वेळ लागला नव्हता.

प्रश्न तसा गंभीरच होता. साधी तार म्हणजे उघडा धातू. आवाज खणखणीत, पण पेणच्या खाडीवरून येणारी हवा तिला बघता बघता गंजवते. कोटेड तारेवर कंपनीतच एक पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर दिलेला असतो. ती टिकते, पण तिचा आवाज जरा दबका येतो म्हणे. 'म्हणे' अशासाठी, की अनयचं हे सगळं ज्ञान मोबाइलवरचं होतं. त्याची स्वतःची गिटार कॉलेज संपल्यापासून हॉलमधल्या खिळ्याला लटकत होती आणि तिच्या तारांना चहाच्या जुन्या गाळणीचा रंग आला होता. त्याला एकूण दीड गाणं यायचं. दुसरं अर्ध्यावर सुटलं, कारण पुढे बोटं दुखवणारी एक जागा होती आणि अनय आपल्या बोटांना फार जपायचा.

तरीही रोह्याला मुलगी बघायला गेल्यावर त्याने सांगितलं होतं, "मी गिटार वाजवतो." यात खोटं काहीच नव्हतं. शेवटची कधी वाजवली, हे कुणी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही, एवढंच.

अडचण अशी, की उर्वी धाटावच्या एका रंगाच्या कंपनीत तपासणी विभागात होती. रंगाचा डबा लेबलावर लिहिल्यासारखा निघतो की नाही हे बघायचं, नाही निघाला तर परत पाठवायचा, हे तिचं रोजचं काम. नोकरीची सवय घरीही सुटत नाही. आधीच्या एका स्थळाने 'पोहण्याची आवड' असं लिहिलं होतं. उर्वीने त्याला फिरायला म्हणून कुंडलिका नदीवर नेलं. तो घाटाच्या पायरीवरूनच परत फिरला आणि स्थळही तिथूनच परत गेलं.

"साखरपुड्याला एक गाणं वाजव," ती अनयला म्हणाली होती. "अख्खं."

"एक का, दोन वाजवतो," अनय म्हणाला. "फक्त तारा बदलायला हव्यात."

आणि तिथून तारा सुरू झाल्या. उर्वी संध्याकाळी फोन करायची, अनय तिला कोटेड आणि साध्या तारांमधला फरक सांगायचा. एक दिवस कोटेड जिंकायची, दुसऱ्या दिवशी साधी. निर्णय झाला असता तर तारा आणाव्या लागल्या असत्या, आणल्या असत्या तर वाजवावं लागलं असतं. हे अनयला कळत नव्हतं असं नाही. पण माणसाने इतकं मन लावून अभ्यास करायला घेतला की त्याला आळशी म्हणायची कुणाची हिंमत होत नाही, आणि त्याचीही नव्हती.

साखरपुडा चार दिवसांवर आला तेव्हा त्याचे वडील दामोदरराव यांची सहनशक्ती संपली. ते निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या कारकिर्दीत शाळेतला कुठलाही प्रश्न मधल्या सुट्टीपलीकडे गेला नव्हता. ते बाजारात गेले, भजनी मंडळांना टाळ विकणाऱ्या दुकानातून गिटारच्या तारांचं पाकीट घेऊन आले आणि अनयसमोर बसून त्याच्याकडून त्या चढवून घेतल्या.

"झालं? आता वाजव."

अनयने पाकीट उलटसुलट करून बघितलं. "बाबा, या साध्या आहेत. आपल्या हवेत रविवारपर्यंत गंजतील. मी कोटेडच म्हणत होतो."

"काल साध्या म्हणत होतास," आतून त्याची आई, वत्सलाबाई, म्हणाल्या.

"कालचं काल. कोटेड मागवायला हव्यात, त्या काही आता वेळेत येत नाहीत," अनयने उसासा सोडला. त्या उसाशात दुःख किती आणि समाधान किती, हे सांगणं कठीण होतं. मग तो शेरवानी कमरेत ढिली करून घ्यायला शिंप्याकडे गेला.

तो गेल्यावर दामोदरराव गिटारकडे बघत बसले. तारा नव्या, चकचकीत. कमी काय, तर वरचा थर. आणि ते स्वतः राहात होते पेणमध्ये, जिथे गल्लोगल्ली गणपतींना रंग चढतो. चार घरं सोडून हैबतरावांचा मूर्तींचा कारखाना होता.

"थर तर हवाय," ते बायकोला म्हणाले. "त्यासाठी अमेरिकेहून माल कशाला मागवायचा?"

हैबतरावांनी गिटार मांडीवर घेतली आणि तारांवरून अंगठा फिरवला. चाळीस मूर्ती रांगेत सुकत होत्या, त्याही जणू बघत होत्या.

"कोटिंग ना, सर? आमचं रोजचंच हाय," ते म्हणाले. "मुकुटाला देतो तोच देतो. तीन हात मारतो. कार्य हाय म्हणून शेवटच्या हाताला जरा सोनेरी मारतो. विसर्जनापर्यंत काय होणार नाय."

"विसर्जन नाही करायचं, हैबतराव."

"नाय वो, आपलं बोलायची पद्धत."

शनिवारी गिटार परत आली ती कव्हरात बंद होऊनच. हैबतरावांनी बजावलं होतं, की ओल्यावर हात लावला तर ठसे उठतात. दामोदररावांना मुलाला चकित करायचं होतं. ते एवढंच म्हणाले, "उद्यापर्यंत उघडायची नाही."

कुठल्याही वाजवणाऱ्या माणसाने विचारलं असतं, का? अनयने विचारलं नाही. सरावाला वडिलांनीच बंदी घातली म्हटल्यावर त्याला एकदम हलकं वाटलं. आज्ञाधारक मुलासारखा तो लवकर झोपला.

रविवारी रोह्याला जाताना वडखळला नेहमीप्रमाणे वाहनं अडकली होती. गाडी उन्हात उभी, डिकीत गिटार. मागच्या सीटवर हैबतराव आमंत्रित म्हणून बसले होते, सदऱ्याला इस्त्री करून. "गाडीत रंगाचा वास येतोय का?" वत्सलाबाईंनी विचारलं. दामोदरराव आणि हैबतराव एकमेकांकडे बघून हसले. अनय मनातल्या मनात गाणं आठवत होता. निडी गावापर्यंत त्याला त्यातलं अर्धंच आठवलं. उर्वी त्याला मनापासून आवडली होती, आणि ती हातची जाणार हे त्याला रोह्याची पाटी दिसण्याआधीच दिसायला लागलं.

अंगठ्या झाल्या, पेढे झाले. मग दामोदररावांनी उभं राहून जाहीर केलं, "आता चिरंजीव वादन करतील."

अनयने कव्हरची चेन ओढली. गिटार बाहेर येईना. त्याने जोर लावला तेव्हा चर्र असा आवाज झाला आणि ती आली, कव्हरच्या आतलं अस्तर घेऊन. सहाही तारा सोनेरी, रंगाने खालच्या पट्टीला चिकटलेल्या, वर निळी मखमली लव उगवलेली. अनयने डोळे मिटून हात मारला. सुपात वालाचे दाणे पडावेत तसा आवाज झाला. पुन्हा मारला. पुन्हा वालच.

मग पुढे बसलेली उर्वीची आत्या धोंडुबाई म्हणाली, "छान वाजवतो हो. डोकं उठत नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण पानं मांडून झाली होती.

"हे काय आहे?" अनयने वडिलांना विचारलं.

"कोटेड," दामोदरराव म्हणाले. "तूच म्हणालास ना, कोटेडच पाहिजे?"

"मूर्तीला देतो तेच, तीन हात हायत," हैबतरावांनी पुरवणी जोडली. "ऊन लागलं म्हणून नरम पडलं. आमच्या मालाची आजवर तक्रार नाय."

अनयचा चेहरा पडला, निदान लोकांना तसं दिसलं. खरं म्हणजे त्याला हैबतरावांचे पाय धरावेसे वाटत होते. आता तो वाजवू शकत नाही हे जगात कुणालाच सिद्ध करता येणार नव्हतं. त्याने मान हलवून मोठ्याने हळहळ सुरू केली. "दोन महिने तयारी केली हो. आज अख्खी मैफल केली असती."

उर्वी त्याच्या शेजारी येऊन बसली. तिने एक तार नखाने खरवडली, वास घेतला.

"काम चांगलं आहे," ती म्हणाली. "मूर्तीवर असतं तर मी पास केलं असतं."

हैबतरावांनी सगळ्यांकडे बघितलं.

मग तिने पर्समधून दोन पाकिटं काढली. "तुला आज द्यायला म्हणून आणली होती. एक कोटेड, एक साधी. तू अभ्यासू माणूस, म्हटलं तूच निवडशील." तिने आवाज खाली आणला. "अनय, दोन महिने तू माझ्याशी तारांबद्दल बोललास. गाण्याबद्दल एकदाही नाही."

अनयच्या तोंडातली हळहळ तिथेच थांबली. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि कधी नव्हे ते खरं बोलला. "दीडच येतं. त्यातलं अर्धं गाडीत आठवलं."

उर्वीने दोन्ही पाकिटं तळहातावर तोलून बघितली. त्या वेळात अनयला कुंडलिकेचा घाट स्पष्ट दिसला.

"तो पोहणारा तेवढंही बोलला नव्हता," ती म्हणाली, आणि कोटेड तारांचं पाकीट पर्समध्ये परत टाकलं. "ही भिंतीवर टांगून ठेवली तरी नवीच दिसते. साधीचं तसं नाही. रोज हात फिरला, पुसली, तर पावसाळा काढेल. नाही फिरला तर गंजेल. लग्न तुळशीच्या लग्नानंतर आहे. मी दर रविवारी व्हिडिओ कॉल करीन. तू काही बोलू नकोस, फक्त तारा दाखव."

पावसाळाभर टिपणीसांच्या घरातून रोज संध्याकाळी गिटार ऐकू येऊ लागली. आधी दीड गाणं यायचं, मग पावणेदोन. बोटं दुखवणारी ती जागा अनय पुन्हा पुन्हा घ्यायचा आणि ती पुन्हा पुन्हा चुकायची. साध्या तारा, त्यामुळे आवाज कसा खणखणीत. तो चार घरं सोडून कारखान्यापर्यंत स्वच्छ पोहोचायचा. ऐन गणपतीच्या घाईत मूर्तींचे डोळे रेखणाऱ्या कारागिरांचे हात त्या चुकीच्या जागेपाशी थांबायला लागले.

एका संध्याकाळी हैबतराव स्वतः आले. दामोदरराव कानात कापूस घालून ओट्यावर बसले होते. तो काढून त्यांनी विचारलं, "काय म्हणता?"

हैबतरावांनी आत डोकावून बघितलं आणि हळूच म्हणाले, "सर, ती गिटार एकदा परत पाठवा माझ्याकडं. ह्या टायमाला पाच हात मारतो."

दामोदररावांनी बराच वेळ विचार केला. "चालेल," ते म्हणाले. "फक्त रंग असा द्या, की फोनवर साध्याच दिसतील."

आत अनयची बोटं त्या जागेवर आली आणि पहिल्यांदाच बरोबर पडली. पण दामोदररावांनी कापूस परत घातला होता.