निकामी आजीचा दाखला

मूल ही राष्ट्राची संपत्ती असते. ती दिवसभर सांभाळायची कोणी, हा प्रश्न मात्र अद्याप विचाराधीन आहे. तोवर नोकरदार आईबापांना पाळणाघराचा निम्मा खर्च द्यायची योजना आमच्या खात्याने काढली. योजना इतकी उदार की लोक तिचा खरोखरच लाभ घेतील, या धास्तीने वरिष्ठांची झोप उडाली. म्हणून एक बारीकशी अट घालण्यात आली: घरात आजी असल्यास ती निकामी असावी.

(मूळ मसुद्यात आजोबाही होते. पण आजोबा निकामी असल्याचा पुरावा मागावा, असं कोणालाच वाटलं नाही.)

आता, आजी निकामी आहे असं कोणीही म्हणेल. सून तर म्हणेलच. त्यासाठी पडताळणी आली आणि पडताळणीसाठी मी. माझ्याकडे सोपवलेल्या आज्यांपैकी चौऱ्याण्णव टक्के सक्षम निघाल्या. उरलेल्या बहुतेक तपासणीआधीच वारल्या. त्यांची प्रकरणं सहानुभूतीपूर्वक प्रलंबित आहेत.

परवा एका नर्सबाईंच्या घरी गेलो. रांगतं बाळ, नवरा बसवर ड्रायव्हर, आणि सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले. मूल सांभाळण्यापायी बाईंच्या इतक्या रजा झाल्या होत्या की दवाखान्याने शेवटची ताकीद दिलेली. "सोमवारी हजर झाले नाही तर जागा दुसरीला जाईल, साहेब," बाई म्हणाल्या आणि माझ्यापुढे वाफाळता चहा ठेवला. (चहाचा निर्णयावर परिणाम होत नाही. मी तो सगळीकडेच घेतो.)

चाचणी अगदी सोपी आहे. आजीने खुर्चीत बसायचं, बाळाला जमिनीवर सोडायचं, आईने दाराबाहेर थांबायचं आणि अधिकाऱ्याने हस्तक्षेप करायचा नाही. यातला शेवटचा नियम मी कसोशीने पाळतो.

"आई, पाया पडते तुमच्या, आज काही झालं तरी उठू नका," बाई जाताजाता म्हणाल्या.

"नाही गं बाई उठत. उठवतंय कुठे मला!"

बाळाने भोकाड पसरलं. म्हातारी ओठ मिटून भिंतीकडे बघत राहिली. डोळ्यांतून घळाघळा पाणी, पण जागची हलली नाही. वा! इतकी होतकरू उमेदवार मी पाहिली नव्हती. 'निकामी' लिहायला मी पेनही उघडलं. तेवढ्यात बाळाने टेबलावरच्या कापडाचं टोक धरलं. कापडावर माझा चहा होता. मी ते म्हातारीच्या आधी पाहिलं, पण नियम म्हणजे नियम.

म्हातारी उठली. त्या गुडघ्यांनी कशी उठली, ते वैद्यकशास्त्राने बघावं. एका हाताने बाळ उचललं, दुसऱ्याने कप धरला आणि माझ्यावर खेकसली, "मेल्या, डोळे फुटले का तुझे?"

मी नोंद केली: नजर उत्तम, चपळाई उत्तम, वाणी स्पष्ट. अर्ज नामंजूर.

त्यानंतर आजी मटकन खाली बसल्या आणि काही केल्या उठेनात. बाईंनी आणि मी मिळून त्यांना खुर्चीत बसवलं. (आजीला उठता येतं का, असा रकाना आहे. पुन्हा उठता येतं का, असा नाही.) "मीच घालवली गं तुझी नोकरी," म्हणून त्या लहान मुलासारख्या रडायला लागल्या. बाई नुसत्या त्यांचे गुडघे चोळत राहिल्या. वाईट मलाही वाटलं, पण त्याची नोंद कुठे करायची याबाबत सूचना नाहीत.

वाचकहो, आपला जीव तुटला असेल. 'कसलं हे दगडाच्या काळजाचं खातं,' असंही आपण म्हणाला असाल. तेव्हा नम्र खुलासा करतो. ही अट आमच्या डोक्यातून निघालेली नाही. योजना आखण्याआधी आम्ही आपल्यासारख्या सुशिक्षित, प्रेमळ घरांची रीतसर पाहणी केली. आपल्याही घरी आलो होतो. आपल्या आईने दार उघडलं, कडेवर आपलं मूल होतं. दमता का, असं विचारलं तर हसून म्हणाल्या, "छे हो, मी काय, घरीच तर असते." एकाच साक्षीवर विसंबू नये, म्हणून संध्याकाळी आपल्यालाही गाठलं. आपण मोबाइलवरून मान वर न करता म्हणालात, "ती काय, घरीच तर असते."