सासूबाईंसाठी

लघुलेखिकेचे दोन्ही हात कामात होते, आणि खाज नेमकी तिथे सुटली होती, जिथे हात रिकामा असता तरी भर न्यायालयात नेता आला नसता.

साक्षीदार बोलत होता. तिची बोटं ते टिपत होती. बाकीची ती खुर्चीवर आधी डावीकडे, मग उजवीकडे सरकत होती. शेवटी न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं.

"साक्षीदार स्थिर बसलाय. तुम्ही का चुळबुळताय?"

"खुर्ची, सर."

न्यायाधीश दयाळू होते. त्यांनी खुर्ची बदलून दिली. खुर्चीचा काही दोष नव्हता, हे पुढच्या दहा मिनिटांत निर्विवाद सिद्ध झालं.

चिठ्ठी

"बुरशी आहे," डॉक्टरीणबाई तपासून म्हणाल्या.

"मला?"

"कुणालाही होते. योनिमार्गात ती थोडी असतेच, कधी तरी जोर करते. ही गोळी झोपताना आत ठेवायची, हे मलम बाहेरून. सुवासिक साबण बंद. सुती कपडे घाला, ओले कपडे अंगावर ठेवू नका. आणि खाज थांबली म्हणून गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत. साधी गोष्ट आहे, सर्दीसारखी."

"सर्दीबद्दल चारचौघांत बोलता येतं, मॅडम."

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी दिली. चारचौघांतल्या लाजेवर मात्र त्यांच्याकडे औषध नव्हतं.

दुकान

रस्त्यावर औषधाचं दुकान एकच. औषधवाल्याने माल नावांप्रमाणे नाही, अवयवांप्रमाणे लावला होता. कंपन्या नावं बदलतात, माणसाचे अवयव आहेत तेच राहतात, असं त्याचं म्हणणं. तो बाहेर चिठ्ठी वाचायचा आणि आत बसलेल्या बायकोला हाळी द्यायचा. "घसा, दुसरा कप्पा." "कान, डावीकडे." एकदा बँकेतल्या साहेबांसाठी त्याने "बैठक, खालचा कप्पा" असं सांगितलं होतं. ते साहेब तेव्हापासून डोकेदुखीची गोळीसुद्धा परगावाहून मागवतात.

आपल्या चिठ्ठीला तो काय ओरडेल, या विचाराने लघुलेखिकेला घाम फुटला. घामाने खाज वाढली.

नवऱ्याला पाठवता आलं असतं. पण नवरा दुकानातून फोन करतो. मागे त्याने काउंटरवरून विचारलं होतं, "अगं, पॅड पंखवाले आणू की बिनपंखाचे?" ते पलीकडच्या केशकर्तनालयातही ऐकू गेलं होतं.

तेव्हा तीच गेली.

खोकल्याचं औषध

तिने पर्समधून चिठ्ठी काढली, तेवढ्यात मागून आवाज आला, "नवी खुर्ची बरी आहे ना?"

न्यायाधीश. चिठ्ठी परत पर्समध्ये.

"काय देऊ, ताई?"

"खोकल्याचं औषध."

"कुणासाठी?" तिचा घसा तर ठणठणीत वाटत होता.

"सासूबाईंसाठी."

"घसा, दुसरा कप्पा."

गुडघ्याचा पट्टा

दुसऱ्या दिवशी दुकान रिकामं होतं. तिने चिठ्ठी अर्धी बाहेर काढली आणि मागे चपला वाजल्या. पोहण्याच्या तलावाचा व्यवस्थापक. तिच्या सासूबाई त्याच्याच तलावावर बायकांना पोहायला शिकवत.

"आता काय, ताई?"

समोर पट्टा लटकत होता. "हा."

"पुन्हा सासूबाईच?"

"हो ना," ती म्हणाली.

व्यवस्थापक हळहळला. "मला बोलल्या नाहीत त्या काही."

"सोसतात," लघुलेखिका म्हणाली. जीभ एकदा सैल सुटली की आवरत नाही.

मोठ्या माणसांचे डायपर

या वेळी मागे नवऱ्याचे काका होते. समोर पहिली दिसली त्या वस्तूवर तिने बोट ठेवलं. वस्तू काय आहे, हे औषधवाल्याने आत ओरडल्यावर तिला कळलं.

काकांनी डोळे पुसले.

घर

सासूबाई रोज पहाटे तलावावर जात, तासभर पाण्यात उभ्या राहून इतरांना हात मारायला लावत, आणि ओल्या पोशाखावरच झगा चढवून झपाझप घरी येत. आजारपण त्यांना माहीत नव्हतं. आता ते त्यांच्याखेरीज सगळ्यांना माहीत झालं.

पहिले आले काका. दार सासूबाईंनीच उघडलं. त्यांच्या खांद्यावर गॅसचं सिलिंडर होतं.

"वहिनी, तुम्ही उठलात कशाला?"

"बेल वाजली म्हणून."

काका दिवाणखान्यात बसले. भिंतीवर सासूबाईंच्या सासूबाईंचा फोटो होता. त्या कधीच्याच गेलेल्या. काका एकदा फोटोकडे, एकदा वहिनींकडे बघत होते, आणि दुसरा फोटो कुठे बसेल याचा अंदाज घेत होते.

"पडल्या-पडल्या करता येतं का सगळं?" त्यांनी हळूच विचारलं.

"काय सगळं?"

काकांनी विषय बदलला. शेजारीण सूप देऊन गेली. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी आपली काठी पाठवली. मग व्यवस्थापकाचा फोन आला.

"बाई, तुम्ही आता आराम करा. तुमच्या जागी एक मुलगी बघितलीय."

सासूबाईंनी फोन ठेवला आणि त्या स्वयंपाकघरात आल्या. सून एका पायावरून दुसऱ्या पायावर होत भांडी लावत होती.

"मला काय काय झालंय?"

"खोकला, आई."

"आणि?"

"गुडघे."

"आणि?"

सुनेने कपाटावरून पुडकं खाली काढलं. सासूबाईंनी ते उलटसुलट करून वाचलं.

"बरं. आणि तुला काय झालंय?"

सुनेने सांगितलं. सांगतानाही ती सुरुवातीला भांड्यांकडे बघत होती.

"एवढ्यासाठी मला अंथरुणाला खिळवलंस?"

"त्याच्या हाळीला घाबरले, आई."

"माझा तलाव चाललाय हातचा, आणि ही हाळीला घाबरते." सासूबाईंनी स्वतःची पर्स काखोटीला मारली. "चिठ्ठी घे. चल."

वरचा कप्पा

दुकानात रांग होती. न्यायाधीश होते, व्यवस्थापक होता, आणखी तीन बायका होत्या. सासूबाईंना बघून सगळे बाजूला झाले. औषधवाल्याने स्टूल पुढे केलं.

"बसा, बसा. कशाला आलात एवढ्या लांब?"

"चार घरं आहेत मध्ये." सासूबाई बसल्या नाहीत. त्यांनी सुनेच्या हातातली चिठ्ठी घेऊन काउंटरवर ठेवली. "घसा बरा झाला. गुडघे बरे झाले. योनिमार्गात बुरशी तेवढी राहिलीय. तीही माझ्याच नावावर टाका."

न्यायाधीश चघळायच्या गोळ्यांच्या डबीवरचा मजकूर वाचू लागले.

औषधवाल्याने चिठ्ठी वाचली आणि तो आयुष्यात पहिल्यांदा कुजबुजला. "अगं, ते हे दे."

"कुठलं ते?" आतून त्याच्या बायकोचा खणखणीत आवाज आला.

"ते गं. वरच्या कप्प्यातलं."

"सासूबाईंचं का? मग तसं सांगा की. त्या कप्प्यातलं सगळं कुणाच्या ना कुणाच्या सासूबाईंसाठीच जातं."

रांगेतल्या तिन्ही बायका एकाच वेळी जमिनीवर काहीतरी शोधू लागल्या.

सासूबाई व्यवस्थापकाकडे वळल्या. "उद्या पहाटे येतेय मी. त्या मुलीला पाण्यात उतरायचं असेल तर माझ्याकडून शिकू दे."

"हो, बाई." व्यवस्थापकाने कानाचे थेंब मागितले आणि हाळीची वाट न बघताच तो निघून गेला.

पुडी आली. लघुलेखिकेने ती छातीशी धरली. इतक्या मोठ्या मनाची सासू कुणाला मिळते, असं वाटून तिचे डोळे भरून आले.

"चला, आई."

सासूबाई हलल्या नाहीत. त्यांनी रांगेकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, मग पर्स उघडली आणि तळातून एक चिठ्ठी काढली. घड्या पडून पडून तिच्या कडा मऊ झाल्या होत्या. वर त्याच डॉक्टरीणबाईंचं नाव होतं.

"हेही द्या."

औषधवाल्याने वाचलं. "तेच औषध. हे कुणासाठी?"

तलावभर ऐकू जाणारा सासूबाईंचा आवाज एकदम खाली आला.

"माझ्या सासूबाईंसाठी."

लघुलेखिकेला दिवाणखान्यातला फोटो आठवला. तिने सासूबाईंची पर्स धरायला घेतली.

औषधवाल्याला आता शब्द सापडला होता. त्याने आत हाळी दिली, "सासूबाई, अजून एक."