गिअर अर्धाच पडतो

"हिचं माझ्याशी काय वाकडं आहे कोण जाणे! बघा, परत अडखळली. सरळ चालायला काय होतं हिला?"

ही कुरकुर माझ्याबद्दल नव्हती हो! हे आमच्या नव्या मोटारसायकलशी बोलत होते, हेल्मेटच्या आतल्या आत, आणि मी मागे बसून ऐकत होते. घरात हे दिवसभरात जेवढं बोलतात तेवढं एका पोस्टकार्डावर मावेल, वर पत्त्याला भरपूर जागा उरेल. लेक नोकरीसाठी लांब गेली, हे निवृत्त झाले, आणि आमच्या घरात सगळ्यात बोलका प्राणी म्हणजे फ्रिज! गाडीवर मात्र ह्यांची जीभ सुटते. माझ्याशी नाही, गाडीशी. पण मागे कान लावून बसलं की ऐकू येतं. तेवढ्यासाठी मी कुठेही जायला एका पायावर तयार असते.

मी फारशी शिकलेली नाही, पण यंत्रांच्या बाबतीत माझा हात कुणी धरू नये! मिक्सर, इस्त्री, शिलाई मशीन, सगळं मी स्वतः उघडून, बिघडवून आणि परत जोडून शिकले. त्यामुळे गाडी का अडखळते ते मी पहिल्याच आठवड्यात ओळखलं. शिवाय मागे बसणारीला पुढच्याचा पाय दिसतो.

गाडीला क्विकशिफ्टर आहे. म्हणजे क्लच दाबायची भानगड नाही. डाव्या पायाने दांडा नुसता उचलला की गिअर पडला! दांड्याला सेन्सर असतो, तो भलताच आज्ञाधारक. पाय लागला रे लागला की त्याला वाटतं, मालकांना गिअर बदलायचाय; लगेच इंजिनाचा श्वास रोखतो. आणि ह्यांचा पाय त्या दांड्यावर पडूनच असायचा, तक्क्याला रेलावं तसा! गाडी बिचारी उचक्या देत चालायची. खरोखर गिअर बदलायचा असला की दांडा अर्धाच उचलला जायचा. मग गिअर ना इकडचा ना तिकडचा, आणि गाडी जागच्या जागी भुंकायची.

पाय तिथे आहे हे ह्यांना कळतच नव्हतं. साखरेचं दुखणं जुनं, त्यातून पाय बधिर झालेला. घरातसुद्धा डाव्या पायातली चप्पल मधल्या खोलीत गळून पडते आणि हे तसेच पुढे निघून जातात. मी ती उचलून गुपचूप खुर्चीखाली ठेवते. हे बोलत नाहीत, म्हणून मी विचारत नाही. विचारलं की डॉक्टर, डॉक्टर आला की गाडी बंद, आणि गाडी बंद झाली की मी परत फ्रिजशेजारी!

तेव्हा मी काय केलं? गाडीतच बिघाड आहे, हे मान्य करून टाकलं.

सर्व्हिस सेंटरच्या फोरमनने आधी स्वतः एक चक्कर मारली. गाडी कशी, लोण्यासारखी! मग म्हणाला, "काका, आता तुम्ही चालवा बघू."

हे आवारात फिरले. उचकी. उचकी. भुंकणं. फोरमनने ह्यांच्या पायाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी छतावरच्या पंख्याकडे पाहिलं.

"सेन्सर बदलून बघू," तो हळूच म्हणाला. देव त्याचं भलं करो.

सेन्सर बदलला. मग दांडा बदलला. मग तेल, मग सॉफ्टवेअर. दर शनिवारी आमची वारी ठरलेली! तिथल्या सोफ्यावर आम्ही शेजारी शेजारी बसायचो, यंत्रातली कोमट कॉफी प्यायचो, आणि हे चक्क माझ्याकडे वळून म्हणायचे, "आज गिअरबॉक्स उघडणार आहेत म्हणे." अख्खं वाक्य! माझ्यासाठी!

एका शनिवारी मॅनेजर आला. "सर, दोष काही सापडत नाहीये. आता आम्ही तक्रार बंद करतो."

ह्यांचा चेहरा पडला. म्हणजे माझी अख्खी वाक्यंही बंद!

"सापडत नाही कसा?" मी ताडकन उठले. "मी ऐकते ना रोज! खर्रर्र, टक्, ढुस्स!"

"परत एकदा करता का मॅडम?"

"खर्रर्र! टक्! ढुस्स!"

कोपऱ्यात बसलेल्या एका जाकीटवाल्या गिऱ्हाइकाने मान वर केली. "अहो, माझीपण अश्शीच करते!"

"माझी टक् करते," दुसरा म्हणाला, "पण ढुस्स नाही करत."

"करेल, करेल," मी त्याला धीर दिला.

झालं! थोड्या वेळात सगळा सोफा खर्रर्र-टक् करत होता. बेडकांचं तळं बरं! मॅनेजरला घाम फुटला. एका गाडीचं दुखणं दहा गाड्यांना लागलं तर त्याने करायचं काय? त्याने वर फोन केले, तिथून आणखी वर फोन गेले, आणि शेवटी कंपनीने निकाल दिला: ह्यांना गाडीच बदलून द्या!

मी हादरले. अहो, गाडी बदलून मिळते, पण पाय?

नवी गाडी मिळायच्या शनिवारी दारात रिबन होती, फुलांचा गुच्छ होता, फोटो काढायला माणूस होता. सोफ्यावरची सगळी मंडळी टाळ्या वाजवायला हजर. फोरमन तेवढा मागे उभा, हात पुसत. केव्हाच स्वच्छ झालेले हात.

"एक फेरी मारा सर!" मॅनेजर म्हणाला.

हे निघाले. उचकी. उचकी. वळणावर गिअर लटकला, गाडी भुंकली आणि बंद पडली.

टाळ्या विरल्या.

"नवीन आहे, जरा रुळायला वेळ लागतो," मॅनेजर म्हणाला.

"हवाच दमट आहे आज," जाकीटवाला म्हणाला.

"इंजिन थंड आहे, काका," फोरमन म्हणाला, जमिनीकडे बघत.

"गुच्छ मधे आला!" मी म्हणाले. गुच्छ माझ्या हातात होता.

हे गाडीवरून उतरले नाहीत. ह्यांनी खाली दांड्यावर पडलेल्या स्वतःच्या पायाकडे पाहिलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"गाडी चांगली आहे. पहिलीही चांगलीच होती. मला माझा डावा पाय कळत नाही, कधीपासूनच. आणि हिला ते माहीत आहे, माझी गळलेली चप्पल रोज हीच उचलून ठेवते."