टोपीतलं पाणी

सासऱ्यांनी गॅस पेटवला तेव्हा दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. हे इतकं नेमकं सांगता येतं, कारण त्यांनी ते कॅलेंडरच्या जुन्या पानामागे लिहून ठेवलं होतं. पस्तीस वर्षं कारखान्यात बॉयलर सांभाळलेला माणूस! विस्तव पेटवला की वेळ टिपायची, हे त्यांच्या हाताला वेगळं सांगावं लागत नसे.

काम साधंच होतं. गुडघे धरले होते आणि पाय शेकायला पातेलंभर कढत पाणी हवं होतं. मोठं पातेलं घासायला पडलेलं. दुसरं काही मिळतंय का बघताना कपाटाच्या वरच्या कप्प्यात त्यांना एक खोका दिसला. त्यावर लिहिलं होतं, 'अतिउष्णतेसाठी. जपून हाताळा.'

"बघा! नवं भांडं आणलं आणि बोलली नाही सूनबाई," ते स्वतःशीच म्हणाले.

आत कापडात गुंडाळलेलं, पांढुरकं, गोल बुडाचं खोलगट भांडं होतं. कड चांगली बोटभर जाड. सासऱ्यांनी ते सांगितल्याप्रमाणे जपूनच हाताळलं. दोन्ही हातांनी उचललं, पाणी भरलं आणि शेगडीवर लोखंडी कडं ठेवून त्यात नीट बसवलं.

पण ते भांडं नव्हतंच. ती टोपी होती. अवकाशातून परतणाऱ्या यानाच्या नाकावर बसायची, आणि सासऱ्यांनी ती उलटी केली होती. यान हवेत शिरलं की बाहेरून भट्टीसारखं तापतं. ती आच आत पोचू द्यायची नाही, हे टोपीवरच्या लेपाचं काम. चिनीमातीच्या जातकुळीतले पदार्थ आणि त्यात गुंफलेले केसाहून बारीक तंतू यांचा तो लेप सून सहा वर्षं तयार करत होती. घरात सासरे त्याला 'रंगकाम' म्हणत. आधीच्या चार टोप्यांचा लेप तापून गार होताना तडकला होता. ही पाचवी. हीही तडकली तर काम बंद, असं चाचणी केंद्राच्या संचालिकाबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं. केंद्राची गाडी दुपारी चारला सुनेला घरूनच घेणार होती, म्हणून टोपी आदल्या संध्याकाळी घरी आलेली.

साडेबाराला सासऱ्यांनी पाण्यात बोट घातलं. गार. त्यांनी आच वाढवली. एकला पुन्हा बोट घातलं. गारच. मग त्यांनी गॅस दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

तो आला, वाकला, ज्योत बघितली. "काका, जाळ तर मस्त आहे."

"जाळ मस्त आहे तर पाणी गार का? घाल बोट."

त्यानं बोट घातलं. मग ज्योतीकडे बघितलं, मग काकांकडे. "बर्फाचं पाणी घेतलं होतं का?"

"मी बॉयलर चालवलाय! मला पाणी कळत नाही?"

दुरुस्तीवाला कामाला लागला. बर्नर साफ केला, नळी बदलली, रेग्युलेटर बदलला. दर वेळी शेगडी बंद, दर वेळी चालू. सासरे टिपत होते. बंद. चालू. बंद. चालू. अकरा वेळा झालं. मध्येच त्यांना वाटलं, बुडाला काजळी धरली असेल. त्यांनी तापलेली टोपी फडक्यानं धरून सरळ नळाखाली नेली. चर्र आवाज झाला आणि मोरीभर वाफ पसरली. बूड चकचकीत झालं, पाणी मात्र हटून बसलेलं.

"काका, मी ते पातेलं घासून देतो. त्यात तापवू," दुरुस्तीवाला काकुळतीला आला.

"आता प्रश्न पाण्याचा राहिलेला नाही," सासरे म्हणाले.

तीन तास ते ओट्याशी उभे होते आणि गुडघ्यांची त्यांना आठवणही नव्हती. अखेर दुरुस्तीवाल्यानं स्कूटरच्या डिकीतून तांब्याच्या नळ्या जोडायची मशाल आणली. "वितळेल हो काका."

"वितळू दे. काहीतरी तर होईल!"

पावणेचारला सून घरात शिरली. निळी ज्योत घरघरत होती, टोपीचं बूड बाहेरून लालभडक झालं होतं, आणि सासऱ्यांचा हात मनगटापर्यंत पाण्यात होता.

"बाबा! हात!"

"हाताला काय धाड भरलीय? कोमट आहे! तेच तर मघापासून बोंबलतोय. भांडं बाद आहे तुझं. दुकानदाराला परत दे."

सून धावत ओट्याशी गेली. मशाल बंद करायला लावली, टोपी गार होऊ दिली, भिंग घेऊन कडेपासून बुडापर्यंत इंच इंच तपासली. एक चीर नव्हती. तोवर खाली गाडीचा हॉर्न वाजला.

"काही बोलायची गरज आहे का, ताई?" दुरुस्तीवाला हळूच म्हणाला. "पुसून टाका. कुणाला कळतंय?"

"न सांगता नेली तर मी खोटी ठरेन. सांगितलं तर मूर्ख," ती म्हणाली. "मूर्ख परवडेल." आणि तिनं ते कॅलेंडरचं पानही पिशवीत घातलं.

केंद्रात संचालिकाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. कपाळावरची आठी ऐकता ऐकता खोल होत गेली.

"चाचणीचा नमुना तुम्ही ओट्यावर ठेवू दिलात?"

"माझी चूक आहे, मॅडम."

बाईंनी पान हातात घेतलं. वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. "अकरा वेळा गार-गरम? आणि मध्ये नळाखाली?"

"हो."

"आपण तीनदा करणार होतो. तेही बेताबेतानं."

ठरलेली चाचणी तरीही झाली. मोठ्या भट्टीतून टोपी बाहेर आली ती जशीच्या तशी. सुनेनं डोळे पुसले. बाईंनी दुसरीकडे बघितल्यासारखं केलं.

"हे गृहस्थ सध्या काय करतात?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. पाय शेकतात."

दुसऱ्या दिवशी बाईंनी घरी फोन केला. "पुढच्या टोपीच्या तपासणीला आम्हाला तुम्ही हवे आहात."

"येईन की," सासरे म्हणाले. "पण आधी एक सांगा. पाणी उकळायला हवंय की नकोय?"

"नकोय."

"मग मला बोलावू नका. मी उकळल्याशिवाय उठणार नाही."

"म्हणूनच तर बोलावतेय," बाई म्हणाल्या.

सोमवारी नऊला जायचं ठरलं. सासऱ्यांनी चष्मा पुसून ठेवला, बॉयलरवरचा खाकी डगला इस्त्रीला टाकला आणि दुरुस्तीवाल्याला सोबत यायला सांगितलं. सून मात्र शनिवारी, सुट्टी असूनही, प्रयोगशाळेत गेली आणि सहाव्या टोपीवर तिनं लेपाचा आणखी एक थर चढवला.