झोपाळ्याचा दावा

"लिहा," असं म्हणून रत्नप्रभाबाईंनी कोरे कागद आणि पेन नवऱ्यासमोर ठेवलं, कमरेमागची गरम पाण्याची पिशवी सारखी केली आणि त्या खुर्चीत टेकून बसल्या. "आज संध्याकाळपर्यंत पाठवायचंय. त्या मॅनेजरने सांगितलंय, घडलं ते लिहा आणि तुमची वाजवी अपेक्षा काय ती कळवा."

चंद्रप्रकाश राऊळ कागदाकडे बघत राहिले. त्यांची सगळी नोकरी विमा कंपनीच्या दावे खात्यात गेली होती. चौतीस वर्षांत भिजलेली गोदामं, जळालेली दुकानं आणि चोरीला गेलेल्या मोटारी यांचे हजारो कागद त्यांच्या हाताखालून गेले आणि त्यातले बरेचसे "पुराव्याअभावी परत" असा शेरा घेऊन आल्या वाटेने गेले. दावा कसा फेटाळायचा हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. पण तो करायचा कसा, हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं.

घडलं होतं ते एवढंच. गेल्या शनिवारी राऊळ कुटुंब, म्हणजे हे दोघं, मुलगा नितेश आणि सून श्रुतिका, नाहूरहून गाडी काढून कर्जतकडच्या 'चांदणवेल' नावाच्या रिसॉर्टला दोन दिवस गेलं होतं. तिथे चिकूच्या झाडाला एक झोपाळा होता. रत्नप्रभाबाई त्यावर बसल्या, चंद्रप्रकाशांनी झोका दिला आणि पाचव्या झोक्याला दोर तुटला. बाई गवतावर बसकण मारल्यासारख्या बसल्या. चष्मा उडाला. आईला उचलायला नितेश धावत आला आणि त्याने पहिला पाय नेमका चष्म्यावर दिला. डॉक्टर म्हणाले, मुका मार आहे, आठ दिवसांत बरं वाटेल. रिसॉर्टचा मॅनेजर शौनक, पोरगेलासा, फारच घाबरला होता. त्याने चार वेळा माफी मागितली आणि नुकसानभरपाईचा अर्ज करायला सांगितलं.

"लिहा ना," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "अहो, आयुष्यभर तुमचं एकच. रिक्षावाल्याने जास्त घेतले, जाऊ दे. वरच्यांच्या बाथरूममधून आपल्याकडे गळतंय, जाऊ दे. परक्या लोकांचे कागद मात्र तुम्ही भिंग लावून वाचलेत. एकदा तरी माझ्यासाठी भांडा. मला बघायचंय."

हे त्या रागाने बोलल्या नाहीत, म्हणून चंद्रप्रकाशांना जास्त लागलं. बायको कधी नव्हे ते आपल्याकडून काही मागतेय आणि तेही आपल्याच खात्यातलं, हे त्यांना कळत होतं. नेमका हाच दावा त्यांना करता येत नव्हता. कारण त्या झोपाळ्याबद्दल त्यांना एक गोष्ट माहीत होती. ती घरात दुसऱ्या कोणालाही माहीत नव्हती आणि रत्नप्रभाबाईंना तर ती कळताच कामा नये होती.

त्यांनी पेन उचललं. "बरं. पहिली बाब, चष्मा. चष्म्यावर पाय कोणाचा पडला?"

"माझा," नितेश म्हणाला. तो टाय बांधत ऑफिसला निघाला होता.

"म्हणजे नुकसान कुटुंबातल्याच व्यक्तीने केलं. हे टिकणार नाही."

"अरे, पण झोपाळा तुटला नसता तर चष्मा पडला असता का? पप्पा, तुम्ही कोणाच्या बाजूने आहात?"

"मी बाजू घेत नाहीये. मी तपासतोय."

"आता तपासायचं नाहीये, मागायचंय!" रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "चष्मा लिहा. मुलुंडला पाच रस्त्याला बनवलेला, सोनेरी काडीचा."

चष्मा लिहिला गेला. मग कंबर आली. कमरेपाठोपाठ मलम आलं. नितेशचं म्हणणं, दोन्ही दिवसांचं खोलीभाडंच परत मागावं, म्हणजे घासाघीस करायला जागा राहते. श्रुतिकाने फोनवर रिसॉर्टचं पान उघडून ठेवलं होतं. "बाबा, शेवटी फक्त एवढं लिहा की आम्ही अजून स्टार दिलेले नाहीत. बाकी त्यांचं त्यांना कळतं."

"ही धमकी झाली, श्रुतिका."

"नाही हो बाबा, माहिती झाली."

तेवढ्यात समोरच्या सुहासिनीताई दार ढकलून आत आल्या. प्रवासातल्या भरपाईच्या बाबतीत इमारतीत त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई. मागच्या वर्षी एका थंड हवेच्या ठिकाणी त्यांच्या न्हाणीघरात पाल निघाली होती आणि त्याबद्दल हॉटेलने अख्ख्या कुटुंबाला रात्रीचं जेवण फुकट घातलं होतं. पाल खरंच होती की सावली होती, याबद्दल त्यांच्या घरात अजून दोन मतं आहेत.

"भाऊजी, मनस्ताप लिहिलात का?" त्यांनी आल्या आल्या विचारलं.

"मनस्ताप?"

"अहो, तोच तर मुख्य! चष्म्याला बिल लागतं, कमरेला डॉक्टर लागतो. मनस्तापाला काही लागत नाही. कितीही लिहा. आणि नाश्त्याला काय होतं?"

"शिरा होता, पण आम्ही गेलो तोवर संपला होता," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

"लिहा! शिरा लिहा!"

"शिऱ्याचा आणि झोपाळ्याचा काय संबंध?" चंद्रप्रकाश गोंधळून म्हणाले.

"कंबर दुखत होती म्हणून वहिनी उशिरा पोचल्या. बघा, लागला की नाही संबंध?"

चंद्रप्रकाशांनी खिन्नपणे शिरा लिहिला. बघता बघता तीन पानं भरली. चौतीस वर्षं असे कागद लिहिणाऱ्या लोकांना त्यांनी मनातल्या मनात लबाड म्हटलं होतं. आता त्यांना वाटलं, त्या लोकांच्या घरीही अशीच माणसं टेबलाभोवती जमत असतील.

सुहासिनीताई गेल्या, नितेश गेला, रत्नप्रभाबाई मलम लावायला आत गेल्या. श्रुतिका म्हणाली, "बाबा, मी अर्ध्या तासात निघतेय. कागद तयार ठेवा, फोटो काढून मॅनेजरला पाठवते." आता फक्त सही उरली होती. चंद्रप्रकाशांनी पेन टेकवलं आणि हात थांबला. ज्या दाव्याला छाननीची टिप्पणी जोडलेली नाही त्यावर त्यांनी जन्मात सही केली नव्हती. शेवटी त्यांनी वेगळा कागद घेतला आणि केवळ मनाच्या समाधानासाठी, लिहून लगेच फाडून टाकायचा असं ठरवून, त्यावर खरं काय ते लिहून काढलं. मग त्यांना मोकळं वाटलं. त्यांनी तीन पानांवर सही केली.

एवढ्यात श्रुतिका पर्स घेऊन बाहेर आली. चंद्रप्रकाशांनी घाईघाईने कागद गोळा केले, कडा जुळवल्या, वरच्या कोपऱ्यात टाचणी मारली आणि गठ्ठा पुढे केला. दावा वर आणि टिप्पणी खाली, हे लावणं हातालाच इतकं सवयीचं होतं की ते डोक्याला कळलंसुद्धा नाही. श्रुतिकाने उभ्या उभ्या चार फोटो काढले, पाठवले आणि गठ्ठा टेबलावर टाकून ती पळाली.

दहा मिनिटांनी ते टिप्पणी फाडायला बसले. कागद टाचणीत सापडला. त्यांनी मोजून पाहिलं: दाव्याची पानं तीन, फोटो चार. मग त्यांनी श्रुतिकाला फोन केला. "पाठवलेलं परत घेता येतं का गं?"

"नाही बाबा, त्यांनी वाचलं पण. दोन निळ्या खुणा आल्यात. का हो?"

"काही नाही," चंद्रप्रकाश म्हणाले आणि दिवसभर काही नाही असाच चेहरा करून बसले. दुपारी त्यांना भात गेला नाही. बायकोचा विश्वास जाणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. फक्त कधी, एवढाच प्रश्न होता.

संध्याकाळी सगळे घरी आल्यावर शौनकचा फोन आला. नितेशने तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला आणि टेबलाच्या मध्यभागी ठेवला.

"नमस्कार काका. मालकांनी तुमची पहिली तीन पानं वाचली. म्हणाले, नको ती कटकट, मागतायत ते देऊन टाक. शिरासुद्धा."

"झकास!" नितेश म्हणाला.

"मग आम्ही चौथं पान उघडलं."

"चौथं पान कसलं?" रत्नप्रभाबाईंनी विचारलं.

"ते चुकून गेलंय," चंद्रप्रकाश घाईने म्हणाले. "ते वाचू नका. ते कार्यालयीन आहे."

"कोणाचं कार्यालय? तुम्हाला रिटायर होऊन चार वर्षं झाली!" रत्नप्रभाबाई कडाडल्या. रागात त्यांच्या तोंडी माहेरची मालवणी आली. "माका येडी समाजलात काय? वाच रे बाळा तू. मोठ्याने वाच."

शौनकने घसा साफ केला. "'छाननी टिप्पणी. बाब एक, चष्मा. पाय मुलाचा. शिफारस नाही. बाब दोन, कंबर. दावेदाराची कंबर सन दोन हजार सोळापासून दुखत असून जुनी औषधचिठ्ठी कपाटात उपलब्ध आहे. शिफारस नाही.'"

"माझी कंबर काढलीत तुम्ही? लोकांसमोर?"

"'बाब तीन, मनस्ताप. दावेदार पडल्यानंतर दुसऱ्या मिनिटाला मोठ्याने हसत होत्या. साक्षीदार उपलब्ध. शिफारस नाही. बाब चार, शिरा. संबंध आढळत नाही.'" शौनक थांबला. "काकू, पुढचं वाचू का? ते जरा घरगुती आहे."

"वाच."

"'बाब पाच. झोपाळ्याशेजारी, हा झोपाळा बारा वर्षांखालील मुलांसाठी आहे, अशी ठळक सूचना लावलेली होती. ती दावेदारास दिसली नाही, कारण अधोस्वाक्षरीकाराने तीवर आपला ओला टॉवेल वाळत घातला होता. सदर टॉवेल जाणूनबुजून घातला होता.'"

नितेश बापाकडे बघत राहिला. चंद्रप्रकाश टेबलावरच्या मिठाच्या बाटलीकडे बघत राहिले.

"'कारण, दावेदार झोपाळ्यावर बसून, अहो, एक झोका द्या ना, असे म्हणाल्या. असे त्या अडतीस वर्षांत प्रथमच म्हणाल्या. सूचना वाचली असती तर त्या उतरल्या असत्या. त्या उतरू नयेत असे अधोस्वाक्षरीकारास वाटले. सबब रिसॉर्टचा दोष नाही. संपूर्ण जबाबदारी अधोस्वाक्षरीकाराची. दावा नामंजूर करावा.' खाली काकांची सही आहे. तारीख पण आहे."

श्रुतिकाला हसू येत होतं, पण सासूचा चेहरा बघून तिने ते आवरलं. त्या चेहऱ्यावर नेमकं काय होतं ते चंद्रप्रकाशांना ओळखता येईना. वाट लागली एवढंच त्यांना कळलं.

"बाळा," रत्नप्रभाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "ते पाचवं पुन्हा वाच."

"सगळं?"

"'अहो'पासून वाच."

शौनकने वाचलं. बाईंनी डोळ्यांना पदर लावला. चष्मा नसल्यामुळे डोळ्यांतून पाणी येतंय, अशी चंद्रप्रकाशांनी मनात नोंद घेतली आणि बाब एक आपण जरा कडकपणे हाताळली असं त्यांना वाटून गेलं.

"काकू, मालक म्हणतायत, झोपाळ्याचा दोर जुना होता हे आम्हाला नाकारता येत नाही. चष्म्याचे पैसे तरी घ्या. तुमची काय ती वाजवी अपेक्षा सांगा."

"काही नको," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "भरपाई मिळाली मला. ठेव फोन." मग त्यांनी नवऱ्यापुढे हात केला. "मूळ कागद कुठाय?"

चंद्रप्रकाशांनी खिशातून टिप्पणी काढून दिली. बाईंनी तिची नीट घडी घातली, आत गेल्या आणि कपाटाच्या ज्या खणात सोन्याच्या बांगड्या असतात त्यात ती ठेवून कुलूप लावलं. कुलपाचा आवाज चंद्रप्रकाशांना बाहेर ऐकू आला.

पुढचे चार दिवस त्यांनी फार बेचैनीत काढले. अस्सल कबुलीजबाब, सहीनिशी आणि तारखेनिशी, विरुद्ध पक्षाच्या ताब्यात होता. कारवाई कधी सुरू होणार ते कळत नव्हतं. उलट घरात वातावरण संशयास्पद होतं. मंगळवारी जेवणात सोलकढी होती. बुधवारी बांगडे होते. गुरुवारी सुहासिनीताईंनी दारातून विचारलं, "वहिनी, शेवटी किती मिळालं?" तर रत्नप्रभाबाई म्हणाल्या, "मागितलं होतं त्याच्या कितीतरी पट, बाई." सुहासिनीताईंचा चेहरा पडला. चंद्रप्रकाशांनी आत जाऊन बँकेचं पासबुक पाहिलं. एक पैसा जमा झाला नव्हता. बायको खोटं बोलणाऱ्यांतली नव्हती. त्यांना काही उलगडा होईना.

शुक्रवारी संध्याकाळी मात्र त्यांचा धीर सुटला. रत्नप्रभाबाई नवा चष्मा लावून गवार मोडत बसल्या होत्या. ते समोर येऊन बसले.

"अगं, त्या कागदाचं तू काय करणारेस?"

"ठेवणार."

"पुरावा म्हणून?"

"हो. पुरावा म्हणून."

"पण कशाचा पुरावा?"

रत्नप्रभाबाईंनी गवार बाजूला ठेवली आणि नवऱ्याकडे चांगलं निरखून पाहिलं.

"चौतीस वर्षं तुम्हाला नेमका कशाचा पगार देत होते हो?" असं म्हणून त्या चहा टाकायला आत गेल्या.